मिरज-लोंढा काय आमच्या कामाचा नाय

आज अख्खी दुपार कणकवली स्टेशनात गेली, पुढे कुठेतरी कोकण रेल्वेच्या रुळावर माती आलीय एवढंच कळत होतं. बाजूचे काका म्हणाले, "मिरजेसून सोडतत मां रे!" सोडतात हो काका, आपली लाईन बंद पडली की गाड्या घाटावरून वळवतात, पुणे-मिरज-लोंढा करून मडगावला, म्हणजे केरळवाला लांबचा फेरा मारून का होईना घरी पोचतो, पण खेड, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली सगळं वगळूनच ना?

आणि तो रूट तरी पावसात कुठे धड असतो! २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीच्या पुरामुळे तिकडून वळवलेली मंगळुरू-मुंबई गाडी दूधसागरच्या घाटात दरडीमुळे रुळावरून घसरली होती, नशीब कुणाला मोठं काय झालं नाय. २०२४ ला पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं तेव्हा पण तेच, वळवा लोंढ्यावरून.

आपल्याकडे रोहा ते वीर सोडलं तर बहुतेक सिंगल लाईन, एक दरड आली की खेळ खल्लास. म्हणून वैभववाडी-कोल्हापूर लाईन पाहिजे, साधारण १०७ किमी, मध्येच घाटावर निघायला वाट. डबल लाईन पण करा, पण आधी ही. गणपतीत चाकरमान्यांची गर्दी असताना असं झालं तर एसटी तरी किती पुरणार?