माझा अनुभव: तारे बघायला कणकुंबी नको, जांबोटी बरी

बेळगावातून अंधार शोधत निघालं की नकाशावर बोट आपोआप कणकुंबीवर जातं. अंधार तिथे जास्त, यात वाद नाही. पण तो घाटमाथा. गोव्याकडून वर चढणारी दमट हवा तिथेच थंड होते आणि रात्री दहा-अकराला धुकं बसतं. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मी त्याच वाटेवर आधी लागणाऱ्या जांबोटीच्या अलीकडेच थांबतो. ईशान्येला बेळगावचा उजेड थोडा दिसतो, तेवढा चालवून घ्यायचा. कृत्तिका उगवल्या उगवल्या बघायच्या नाहीत, वर चढू द्यायच्या. दक्षिणेला भीमगड अभयारण्याचं जंगल, तिकडे दिवाच नाही.

शनिवार पंचांगात बघून ठरवतो. कृष्ण अष्टमीनंतर चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो, म्हणजे संध्याकाळ आपली. अमावस्या उलटली तर शुक्ल पंचमीपर्यंत चालतं, चंद्र दहाच्या सुमारास मावळतो.

ढगांसाठी उपग्रहाचं अवरक्त, म्हणजे तापमानावरून ढग दाखवणारं चित्र बघतो, पण त्यावर पूर्ण विसंबत नाही. खालच्या थरातल्या ढगाचं तापमान जवळपास जमिनीइतकंच, त्यामुळे चित्र स्वच्छ दिसतं आणि डोक्यावर मात्र पांढरी चादर. खरी परीक्षा दवबिंदूची, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्याची. रात्री आठला हवा १८ अंश आणि दवबिंदू १६ असेल तर मी गाडीच काढत नाही. पाच-सहा अंशांचं अंतर हवं.

जागा म्हणजे ओळखीच्यांचं खळं. आदल्या दिवशी फोन करायचा, "काका, उद्या रात्री खळ्यावर थांबू का? पंपाजवळचा बल्ब तेवढा बंद ठेवा." सारवलेलं खळं सपाट आणि टणक असतं, दुर्बिणीचं स्टँड रुतत नाही. कापणी झालेल्या भातशेतात ओल असते, तिथे दव लवकर धरतं. अभयारण्याच्या हद्दीत रात्री शिरायचं नाही. गवे आणि अस्वलं तिथली, आपण पाहुणे.

सहा इंची दुर्बीण सूर्यास्तालाच बाहेर काढून ठेवतो. आरसा हवेइतका थंड व्हायला पाऊण तास लागतो, तोवर गुरू उकळत्या पाण्यातून बघावा तसा दिसतो. पूर्ण काळोख सूर्यास्तानंतर सुमारे सव्वा तासाने होतो, तेवढ्यात हे काम उरकतं. नळीच्या तोंडाला काळ्या फोमची गुंडाळी लावतो, व्यासाच्या दीडपट लांब. तरी दव धरलंच तर काच पुसायची नाही, ओरखडे पडतात. गाडीच्या बॅटरीवरचा छोटा ड्रायर लांबून फिरवायचा. टॉर्चला लाल जिलेटीनचे तीन थर. एकाने मोबाइल उघडला की डोळे पुन्हा अंधाराला सरावेपर्यंत सगळ्यांची वीस मिनिटं गेली.

ध्रुव इथे क्षितिजापासून जेमतेम साडेपंधरा अंशांवर, उत्तरेला आंब्याचं झाड असेल तर गायब. ताऱ्यामागे आपोआप फिरणारं मोटरचं स्टँड ध्रुवाच्या दिशेला लावायचं असेल तर उत्तर मोकळी हवी. याउलट अगस्ती बावीस अंशांपर्यंत चढतो. जानेवारीअखेर सव्वादहाच्या सुमारास तो नेमका दक्षिणेला असतो, आणि जंगलावरच्या काळ्या आकाशात व्याधाखाली असा लखलखतो की दुर्बीण विसरायला होते.

घरी आल्यावर ओल्या दुर्बिणीला लगेच झाकण लावायचं नाही. नळीचं तोंड खाली करून दुपारपर्यंत वाळवायची, नाहीतर पावसाळ्याआधीच भिंगावर बुरशी.