आमची वाटचाल : शाळा बंद होत्या तेव्हाची

आम्ही सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवतो. शर्ट, हाफ पँट, फुल पँट, ट्युनिक, स्कर्ट, सगळं. मामांनी म्हणजे माझ्या सासऱ्यांनी मिल बंद पडल्यावर घरातच दोन मशिनी टाकून सुरुवात केली, एकीवर आत्या म्हणजे सासूबाई बसायच्या, दुसरीवर शेजारच्या अक्का. पुढचं सगळ्यांचं असतं तसंच, कर्ज काढलं, शेड घेतलं, कटिंगला मास्तर आले, मशिनी वाढल्या. ते लिहीत बसत नाही, कारण आमची खरी वाटचाल मार्च २०२० ते जून २०२२ एवढ्यातच झाली असं मला वाटतं, त्याच्या आधीची वर्षं नुसती मेहनत होती.

हा धंदा बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही म्हणून थोडं सांगते. युनिफॉर्मला वर्षातून एकच सीझन. दिवाळीनंतर ऑर्डरी पक्क्या होतात, जानेवारीपासून शिलाईला जोर येतो, एप्रिल-मेमध्ये माल दुकानदारांकडं जातो आणि जूनमध्ये शाळा सुरू होताना एकदम विकतो. पँटचं कापड भिलवाड्याहून येतं, शर्टचं इचलकरंजीहून, दोन्ही उधारीवर. दुकानदारही आमच्याकडनं उधारीवरच नेतात आणि पैसे जुलै-ऑगस्टला देतात. म्हणजे मार्च महिन्यात घरात पैसा नसतोच, सगळा गोडाऊनमध्ये घडी घालून ठेवलेला असतो.

आणि नेमका मार्चच निवडला या कोविडनं.

शाळा मार्चच्या मध्यालाच बंद झाल्या तेव्हा आम्ही म्हणलं परीक्षा जरा पुढं जातील एवढंच. २४ तारखेला रात्री आठ वाजता एकवीस दिवसांचा लॉकडाऊन जाहीर झाला तेव्हा कटिंग टेबलवर कापडाचा थर तसाच अंथरलेला होता. मामा म्हणाले १५ एप्रिलला उघडू, जूनला अजून वेळ आहे. मग ते ३ मे झालं, मग १७ मे, मग ३१ मे, आणि तोवर सोलापुरातही पेशंट वाढायला लागले, आमच्याकडं शिवणाऱ्या बायका ज्या भागात राहतात तिथल्या गल्ल्या पत्रे लावून बंद झाल्या. जूनमध्ये शाळा सुरू झाली ती मोबाईलवर.

आता साधा पांढरा शर्ट असला तर तो कुणालाही विकता येतो हो, पण खिशावर शाळेचा मोनोग्राम असलेला, त्याच शाळेच्या चेक्सचा शर्ट जगात फक्त एकाच शाळेला चालतो. गोडाऊनमध्ये असा माल छतापर्यंत. पोरं तर वाढणार, शर्ट वाढत नाही. एका इंग्लिश मीडियमच्या शाळेनं ऑनलाइन क्लासलाही युनिफॉर्म पाहिजे असा नियम काढला तेव्हा आम्हाला जरा बरं वाटलं, तर दुकानदाराचा फोन, वहिनी फक्त शर्ट पाठवा, खालचं कॅमेऱ्यात दिसत नाही. सेटमधले शर्ट गेले आणि पँटी राहिल्या, त्यातल्या काही अजून आहेत.

मास्कचं सगळेच विचारतात. हो, शिवले. उरलेल्या शर्टिंगचे शिवले, सुरुवातीला रेट चांगला मिळाला, पण सोलापुरात ज्याच्या घरी मशीन आहे तो प्रत्येक जण मास्कच शिवत होता, थोड्याच दिवसांत रेट असा पडला की धाग्याचे आणि इलॅस्टिकचे पैसे निघाले तरी खूप. कोविडमध्ये कारखाने मास्कवर तरले असं पेपरमध्ये यायचं ते वाचून मला हसू यायचं. आमच्याकडं मास्कनं एवढंच केलं की बायकांच्या हातात आठवड्याला काहीतरी पडत राहिलं. हे कमी नाही, कारण यातल्या बऱ्याच जणींच्या घरात दुसरी कमाई विडीची आणि विडीही बंद. पीपीई किटची पण एक ऑर्डर चालून आली होती पण त्याच्या शिलाईवरनं टेप सील करावी लागते, ते मशीन आमच्याकडं नाही, आणि नुसतं शिवून द्या कोण बघतंय असं समोरचा म्हणाला तेव्हा मामांनी फोन ठेवून दिला.

घरात खरी भांडणं झाली ती पैशावरनं, आणि खोटं कशाला बोला, मोठमोठ्यानं झाली. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते मे हप्ते थांबवायची सवलत दिली, मग ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. मिस्टर म्हणाले घ्यायची. मामा म्हणाले हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही, मी मिलमध्ये असल्यापासून बघतोय फुकट काही नसतं. दोघांचंही बरोबर होतं. मी तेव्हा धंद्यात नव्हते, एका प्लेग्रुपला शिकवायचे आणि तो प्लेग्रुप बंद झालेला, त्यामुळं घरात बसून दोघांचं ऐकायचं काम माझं. शेवटी मी कागदावर मांडून दाखवलं की सवलत घेतली तर शेवटी किती हप्ते वाढतात आणि नाही घेतली तर बायकांना द्यायला काय उरतं. काही उरत नव्हतं. मग घेतली.

नंतर सरकारची गॅरंटीवाली स्कीम आली, फेब्रुवारी २०२० अखेर जेवढं कर्ज बाकी त्याच्या वीस टक्के आणखी मिळणार, तारण नाही, पहिलं वर्ष मुद्दल भरायचं नाही. कर्जावर कर्ज म्हणून मामा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पण त्याच पैशातनं भिलवाड्याच्या शेठना निम्मी रक्कम पाठवली. त्या शेठनी संपूर्ण लॉकडाऊनमध्ये एकदाही पैशासाठी फोन केला नव्हता, केला तो तब्येत विचारायला, त्यामुळं मामांना जास्तच टोचत होतं. निम्मी रक्कम पोचल्यावर शेठ म्हणाले बाकीचे शाळा उघडल्यावर. कुठली शाळा कधी उघडणार हे कुणाला माहीत होतं तेव्हा!

२०२१ च्या सुरुवातीला वाटलं सुटलो. नववीच्या पुढचे वर्ग ठिकठिकाणी भरायला लागले होते, जानेवारीअखेर पाचवी ते आठवीचेही, ऑर्डरी थोड्या थोड्या आल्या, मशिनी परत सुरू. मार्चमध्ये मामांनी लसीचा पहिला डोस पण घेतला. आणि एप्रिलमध्ये घरातले सगळे एकापाठोपाठ एक पॉझिटिव्ह. आम्ही बाकीचे घरीच बरे झालो, मामांचं सॅच्युरेशन मात्र ८८ वर आलं, सीटी स्कॅनचा स्कोअर वाईट, आणि बेड मिळेना. ते दिवस ज्यांनी बघितलेत त्यांना काय सांगायचं आणि ज्यांनी नाही बघितले त्यांना कितीही सांगितलं तरी कळणार नाही. बेड मिळाला तो आमच्याकडं काज-बटण करणाऱ्या अक्कांच्या भाच्यामुळं, तो एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय होता, त्यानं रात्री अडीचला फोन करून सांगितलं आत्ता आणा. ज्या बायकांना आम्ही सांभाळलं सांभाळलं म्हणून सांगत होतो, त्यांच्याच घरातनं हे आलं.

मामा आत आणि इकडं धंदा आंधळा. कारण कुणाकडनं किती येणं, कुणाला किती देणं हे सगळं मामांच्या डोक्यात. जीएसटीची बिलं सीएकडं असायची, ती बरोबर होती, पण कुणी किती दिले, कुणाला किती सूट कबूल केली, कुणाचा माल परत घ्यायचा ठरलाय हे एका लाल डायरीत, आणि डायरीत पार्ट्यांची नावंच नाहीत. चष्मेवाले, बार्शी. जावई, तुळजापूर. एका ठिकाणी नुसतं गोड चहा आणि पुढं आकडा! मिस्टर धरून बसले आता मामा आल्यावरच कळणार. पण मामा येतील का हेच माहीत नव्हतं, हे कुणी तोंडानं बोलत नव्हतं एवढंच.

मी डायरी घेऊन बसले. आत्या शेजारी. आत्यांना लिहितावाचता जेमतेम येतं पण गोड चहा म्हणजे कोण हे त्यांनी लगेच सांगितलं, विजापूर रोडचा दुकानदार, बघायला आला होता आपल्या नणंदेला तेव्हापासून मामा त्याला तसंच म्हणतात. अर्धी डायरी आत्यांनी अशी सोडवली, पाहुण्यांच्या हिशोबानं. भाऊजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बसून एक्सेलमध्ये भरत होते. ज्या नावांचा पत्ता लागेना ती मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवली आणि मामांचा ऑक्सिजन जरा कमी केल्यावर नर्सताईंनी फोन लावून दिला तेव्हा कॅमेऱ्यापुढं धरली. मामांना बोलायला येत नव्हतं, ते बोटांनी आकडे दाखवायचे. नर्सताई म्हणाल्या, काय चाललंय हो तुमचं! पण मला वाटतं त्या दिवसापासून मामा सुधारायला लागले. डॉक्टर म्हणतील स्टेरॉइडनं, असेल.

येणं निघालं ते आम्हाला वाटत होतं त्याच्यापेक्षा बरंच जास्त, आणि त्यातलं निम्मं बुडीत, कारण दोन दुकानदार त्याच लाटेत गेले होते. त्यांच्या घरी आम्ही फोन केला नाही. एकाच्या मुलानं नंतर स्वतः फोन करून उरलेला माल परत नेणार का विचारलं, तेवढ्यावर मिटवलं.

मामा घरी आले, ऑक्सिजनची मशीन भाड्यानं आणली होती ती पावसाळ्यापर्यंत होती. मास्तर मात्र आले नाहीत. कटिंग मास्तर, पहिल्या शेडपासून आमच्याकडं. त्यांना ताप आलेला त्यांनी घरच्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांचे पुठ्ठ्याचे पॅटर्न खिळ्यांना टांगलेले, त्यावर त्यांच्या खुणा, कुठं किती दाब, म्हणजे शिलाईच्या आत जादा कापड, सोडायचा ते. त्यांच्या मुलीनं, तिचं बीकॉम अर्धवट होतं, विचारलं मी येऊ का. मिस्टरांना शंका होती, कटिंगची कातर मशीन जड असते, बोटांचा धोका असतो. ती आली, शिकली, आता तीच कटिंग बघते आणि पॅटर्न तिनं कॉम्प्युटरवर घेतलेत.

ते पॅटर्न बदलावेच लागले. ऑक्टोबर २०२१ ला काही वर्ग उघडले, जानेवारीत ओमिक्रॉननं दोन आठवडे परत बंद, असं करत जून २०२२ ला शाळा पूर्ण भरली आणि सगळ्या पोरांना एकदमच नवीन युनिफॉर्म लागला. एरवी निम्मे पालक मागच्या वर्षीचाच चालवतात, धाकट्याला थोरल्याचा घालतात. यावेळी कुणालाच काही येत नव्हतं. २०२० ला पहिलीत गेलेलं पोर तिसरीत आलं तरी त्यानं युनिफॉर्म धड वापरलेला नाही. त्यात दोन वर्षं घरात मोबाईल घेऊन बसल्यामुळं कंबरा वाढलेल्या, उंचीला बरोबर असलेली पँट कमरेला लागेना, दुकानदार वैतागले. आमच्याकडं कंबरेला दाब वाढवला आणि मागं इलॅस्टिक घातलं, ते अजूनही ठेवलंय. सूत महागलेलं, कापडाचे रेट वर, बायका कमी कारण काही जणी दुसऱ्या कामाला लागल्या, अशा सगळ्यात तो सीझन काढला. लहान साईजचा जुना माल मात्र नवीन पहिलीवाल्यांना गेला, मोनोग्राम न बदललेल्या शाळांना देव बरं करो. एका शाळेनं नेमका त्याच वर्षी चेक्स बदलला, तो माल कापून अस्तराला वापरला.

भिलवाड्याच्या शेठचे पैसे त्या ऑगस्टमध्ये पूर्ण फिटले. मामांनी स्वतः फोन लावून सांगितलं, मग बराच वेळ दोघं गुडघेदुखीवर बोलत बसले.

मी आता फर्ममध्ये पार्टनर आहे, वसुली आणि हिशोब माझ्याकडं. डायरीचे फोटो काढून ठेवलेत, मामा अजून नवीन डायरीत लिहितात आणि महिनाअखेरीला माझ्या एक्सेलशी ताडून बघतात, चूक सापडली तर खुश होतात. हॉस्पिटल स्टाफचे कपडे पण घेतो आम्ही आता, त्याला जूनचा सीझन नसतो, वर्षभर थोडं थोडं चालतं, ओळख त्या वॉर्डबॉय भाच्यानंच करून दिली. शाळांच्या ऑर्डरी मात्र दिवाळीपर्यंतच घेतो, ॲडव्हान्सवर, त्यामुळं मार्चमध्ये फोन करून जूनचा माल मागू नका, मिस्टर हो म्हणतील पण मी नाही म्हणणार.