बिनसाखरेचा

दुपारी टपरीवर नुसतं 'एक चहा' म्हटलं की साखर येतेच. न सांगितलेलं गृहीत धरायचं, तो डिफॉल्ट. पण 'साखर नको' म्हणणारा गप्प बसलेला नसतो, त्याने शून्य सांगितलेलं असतं. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वर्षानुवर्षं लिहायची सवय मात्र अशी:

चमचे = साखर || २

गिऱ्हाइकाने ० सांगितलं तरी कपात दोन चमचे पडणार. || म्हणजे 'किंवा': डावीकडचं रिकामं वाटलं की उजवीकडचं घ्यायचं. त्याच्या लेखी शून्य, रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर), नल (मुद्दाम रिकामं ठेवलेलं), अनडिफाइंड (सांगितलंच नाही ते) सगळे एकाच माळेचे मणी. मधुमेहवाल्याची पंचाईत. २०२० च्या आवृत्तीत ?? आलं. ते डावीकडे नल किंवा अनडिफाइंड असेल तेव्हाच उजवीकडे वळतं, शून्याला शून्य राहू देतं.

मग कुणी उत्साहाने लिहितं: २ + जादा ?? ०. जादा साखर सांगितलीच नाही तर उत्तर दोन यावं, येतं नॅन, म्हणजे 'हा आकडाच नव्हे'. आधी + उरकतो, ?? चा नंबर नंतर. दोनमध्ये अनडिफाइंड मिळवलं की नॅन, आणि नॅन म्हणजे नल नव्हे, त्यामुळे ?? हात लावत नाही. तिथे || असतं तर उत्तर शून्य, म्हणजे मूळचे दोन चमचेही गेले आणि एररचा पत्ता नाही. हे जास्त वाईट. नॅन निदान डोळ्यांत खुपतं तरी. हवं होतं ते २ + (जादा ?? ०).

पायथॉन या दुसऱ्या भाषेचा डिफॉल्ट वेगळाच छळतो. फंक्शनच्या कंसात 'उधारी=[]' लिहिलं तर ती रिकामी यादी डेफची ओळ, म्हणजे फंक्शनची व्याख्या, चालते तेव्हा एकदाच बनते. दर गिऱ्हाइकाला कोरी वही मिळत नाही, पहिल्याची उधारी दुसऱ्याच्या नावावर दिसते. तिथे डिफॉल्ट नन ('काहीच नाही') ठेवावा आणि यादी आत बनवावी.

आधी काय उरकायचं हा घोळ तसा शाळेपासूनचा. तिथे फळ्यावर कंचेभागुबेव असायचं. त्यातला 'बे' आधी म्हणून १० − ३ + २ मध्ये पोरं तीन-दोन पाच करून ५ उत्तर काढत. बरोबर उत्तर ९; बेरीज-वजाबाकी एकाच पंगतीला बसतात आणि डावीकडून वाढायचं असतं. घातांक आला की वाढपीच बदलतो: पायथॉनमध्ये २**३**२ उजवीकडून, ५१२. एक्सेलमध्ये २^३^२ डावीकडून, ६४. एक्सेलमध्ये =-२^२ हे ४, पायथॉनमध्ये -२**२ हे −४. पाठांतर कुठवर करणार?

म्हणून कंस. ?? आणि || कंसाशिवाय शेजारी आले तर जावास्क्रिप्ट स्वतःच सिंटॅक्स एरर देऊन अडवतं. ती अडवणूक मला फार आवडते. कोड बघणारे काहीजण जादा कंस दिसले की नाक मुरडतात. मुरडोत.