कोचनी दिलेले शब्द

अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात मी कम्प्लायन्सचे, म्हणजे नियमपालनाचे काम करते. नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, अर्थात एनसीएए, या संस्थेची नियमावली मोठी आहे. शिष्यवृत्ती किती द्यायची, आठवड्यात सराव किती तास घ्यायचा, दुसऱ्या विद्यापीठाच्या खेळाडूशी कोणी आणि केव्हा बोलायचे, हे सगळे तिच्यात बांधलेले असते. एरवी आमच्याकडे खेळाडू येतात ते सही करायला किंवा एखादा अर्ज विचारायला. मात्र जून 2023 मध्ये, ऑस्टिनची राष्ट्रीय मैदानी स्पर्धा संपून थोडेच दिवस झाले असताना, आमचे मुख्य प्रशिक्षक दुसऱ्या विद्यापीठात गेले आणि त्या दिवशी धावपटूंच्या तोंडून मी जे ऐकले, ते कोणत्याच अर्जात बसणारे नव्हते.

मुख्य प्रशिक्षकांना सगळे नुसते 'कोच' म्हणत. मैदानी खेळांचा सगळा विभाग त्यांच्याकडे असला तरी लांब पल्ल्याच्या धावपटूंना ते स्वतः शिकवत. बातमी संघाला आधी सांगायची आणि मग जाहीर करायची, असे दोन्ही विद्यापीठांत ठरले होते. सुट्टीमुळे निम्मी मुले गावी गेलेली असल्याने सकाळी अकरा वाजता व्हिडिओवरून बैठक ठेवली होती. समोरच्या विद्यापीठाने मात्र कोचच्या छायाचित्रासह घोषणा त्याआधीच प्रसिद्ध केली. बैठक सुरू झाली तेव्हा सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते. मुलांचे चेहरे आधीच बंद झाले होते. त्यांच्या रागाचा बराचसा भाग या क्रमामुळे निर्माण झाला, असे मला आजही वाटते, आणि तो राग रास्त होता. रोज पहाटे ज्याच्या सांगण्यावरून तुम्ही अंथरुणातून उठता, तो चालला आहे हे तुम्हाला परक्यांच्या जाहिरातीतून कळू नये.

बैठकीपूर्वी कोच माझ्या खोलीत आले होते. "मला त्यांना काय काय सांगता येईल?" असे त्यांनी विचारले. मी त्यांना नियम समजावून सांगितला. निरोप घ्या, कारण सांगा, पुढे इथे काय होणार आहे तेही सांगा. पण "माझ्याबरोबर या" असे सूचित होईल असे काहीही बोलू नका. ज्या खेळाडूचे नाव ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या एनसीएएच्या यादीत नाही, त्याच्याशी दुसऱ्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकाने बदलीविषयी बोलणे निषिद्ध आहे, आणि या नियमापुरते ते आता दुसऱ्या विद्यापीठाचेच होते. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. बैठकीत तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाने सरळ विचारले, "कोच, आम्ही तिकडे आलो तर घ्याल का?" कोचनी माझ्याकडे पाहिले, उत्तर दिले नाही, आणि मला मध्ये पडून सांगावे लागले की या प्रश्नाला ते आज उत्तर देऊ शकत नाहीत. नियम योग्यच आहे. तो नसता तर प्रत्येक जाणारा प्रशिक्षक अर्धा संघ बरोबर घेऊन गेला असता. तरीही त्या मुलाला त्या वेळी दिसले ते एवढेच, की इतकी वर्षे ज्यांना काहीही विचारता येत असे, त्यांच्या तोंडावर आता कार्यालयाचा हात आहे.

तेव्हाच्या नियमानुसार मुख्य प्रशिक्षक बदलला की त्या संघातील खेळाडूंना पोर्टलमध्ये नाव घालण्यासाठी 30 दिवसांची स्वतंत्र मुदत मिळत असे. खेळाडूने लेखी विनंती केली की ते नाव घालणे आमच्या कार्यालयाला बंधनकारक असते, आणि एकदा नाव गेले की देशभरातील कोणताही प्रशिक्षक त्याला फोन करू शकतो. त्याच वेळी आपल्या विद्यापीठाला त्याची पुढची शिष्यवृत्ती थांबवण्याची मोकळीक मिळते. परत यावेसे वाटले तर जागा असेलच याची हमी नसते. दुपारी मुले एकामागून एक येऊ लागली, काहींनी गावाहून फोन लावले, तेव्हा हेच पुन्हा पुन्हा सांगावे लागणार असे मला वाटले होते. प्रत्यक्षात मुदतीबद्दल थोड्यांनीच विचारले. बहुतेकांनी वेगळेच काही मांडले आणि त्या सगळ्याची सुरुवात एकाच वाक्याने होत होती: "कोच म्हणाले होते..."

हे नीट समजण्यासाठी शिष्यवृत्तीचे गणित माहीत असायला हवे. तेव्हाच्या नियमानुसार एनसीएएच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या विभागातील विद्यापीठाला मैदानी खेळ आणि क्रॉस कंट्री मिळून पुरुषांसाठी 12.6 आणि महिलांसाठी 18 पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. त्यातून धावणारे, उड्या मारणारे, भालाफेक करणारे असे सगळे भागवायचे. त्यामुळे प्रशिक्षक त्यांचे तुकडे करत: कोणाला पाव, कोणाला अर्धी, कोणाला फक्त पुस्तकांचे पैसे. या तुकड्यांबाबत पुढच्या वर्षासाठी जे बोलणे होते, ते बहुतेक वेळा मैदानाच्या कडेला किंवा बसमध्ये परतीच्या वाटेवर होते. ते कागदावर येते ते वर्ष संपताना. आणि कोच गेले ते नेमके ते कागद निघण्याच्या आधी.

दुसरे वर्ष संपवलेली एक मुलगी आली. पहिल्या वर्षी ती शिष्यवृत्तीशिवाय संघात आली होती, दुसऱ्या वर्षी तिला पाव हिस्सा मिळाला आणि महिलांच्या सहा किलोमीटर क्रॉस कंट्रीत ती संघाची पाचवी धावपटू झाली. क्रॉस कंट्रीत सात जण धावतात, पहिल्या पाचांच्या क्रमांकांची बेरीज धरतात आणि ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकतो. म्हणून पाचव्या धावपटूला किती किंमत असते हे या खेळातल्या माणसाला सांगावे लागत नाही. कोचनी तिला पुढच्या वर्षी अर्धा हिस्सा कबूल केला होता. त्या भरवशावर तिने संध्याकाळची नोकरी सोडली होती. "याची कुठे नोंद आहे का?" असे तिने विचारले. मी संगणकात पाहिले. नोंद नव्हती.

नंतर आलेल्या मुलाची तक्रार पैशांची नव्हती. पाच वर्षांच्या मुदतीत खेळाडूला एका खेळाचे चार हंगाम खेळता येतात. एखाद्या हंगामात तो विद्यापीठाकडून एकही शर्यत धावला नाही तर तो हंगाम शिल्लक राहतो. त्याला रेडशर्ट म्हणतात. 2022 च्या शरद ऋतूत हा मुलगा पूर्ण तंदुरुस्त असूनही कोचनी त्याला बाहेर बसवले होते, कारण 2023 चा संघ अधिक बलवान होणार होता आणि त्या संघात त्यांना हा हवा होता. मित्र धावत असताना त्याने एक अख्खा हंगाम दोरीपलीकडे उभे राहून काढला. आता तो हंगाम त्याच्या नावावर शाबूत होता, तो घेऊन तो कुठेही जाऊ शकत होता. पण ज्या संघासाठी तो राखला, तो संघ राहणार की नाही हे कोणालाच सांगता येत नव्हते. शिवाय तो चौथ्या वर्षात प्रवेश करत होता. नियमानुसार त्या वेळी पदवीच्या गरजेपैकी 60 टक्के अभ्यास पूर्ण झालेला असावा लागतो, आणि नव्या विद्यापीठाने जुने क्रेडिट मान्य केले नाहीत तर चांगल्या गुणांचा विद्यार्थीही अपात्र ठरू शकतो. त्याच्या गुणपत्रिकेतील प्रत्येक विषय आम्ही बसून तपासला. वेग कितीही असला तरी प्रयोगशाळेच्या दोन विषयांवर त्याची बदली अडकणार होती.

केनियाहून आलेला एक धावपटू संध्याकाळी आला. त्याने रागाचा एकही शब्द काढला नाही. विद्यार्थी व्हिसावर असल्याने त्याला विद्यापीठ बदलायचे तर केवळ पोर्टल पुरत नाही. त्याची सेविस या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या प्रणालीतली सरकारी नोंद एका विद्यापीठाकडून दुसऱ्याकडे ठरलेल्या तारखेला वर्ग व्हावी लागते, आणि पुढच्या सत्रात पूर्णवेळ, म्हणजे किमान 12 क्रेडिटचा प्रवेश असावा लागतो. हे मी सांगत असताना तो मान हलवत होता. मग तो म्हणाला की कोचनी त्याच्या आईला फोनवर सांगितले होते, "पदवी हातात पडेपर्यंत मी याच्याकडे लक्ष देईन". आता आईला काय सांगायचे? मी त्याला परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्लागाराची वेळ घेऊन दिली. त्याच्या प्रश्नाला उत्तर मात्र माझ्याजवळ नव्हते.

प्रशिक्षकांनी जागा सोडूच नये, असे माझे म्हणणे नाही. जॉन मॅकडॉनेल 1972 ते 2008 अशी 36 वर्षे अर्कान्सासमध्ये राहिले आणि त्यांच्या संघांनी 40 राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. बिल बॉवरमन 1948 पासून 24 वर्षे ऑरेगनला होते. जुने लोक ही उदाहरणे नेहमी देतात. पण या खेळात चांगल्या माणसाला चांगली संधी आली की तो जातो, हेही तितकेच रुळलेले आहे. 2019 मध्ये ख्रिस मिल्टनबर्ग स्टॅनफर्ड सोडून नॉर्थ कॅरोलायनाला गेले, तेव्हा तेही एक उत्तम संघ सोडून दुसरीकडे गेले होते. आमच्या कोचना अधिक पगार, अधिक सहायक आणि बलवान परिषदेत, म्हणजे आपसांत स्पर्धा करणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, काम करण्याची संधी मिळत होती. त्यांच्या जागी मीही कदाचित होकार दिला असता.

मला खुपते ते दुसरेच आहे. कोच मुदतीआधी गेले तर विद्यापीठाला किती रक्कम द्यायची, हे त्यांच्या करारात लिहिलेले होते, आणि सरकारी विद्यापीठ असल्याने तो करार कोणालाही वाचता येत होता. ती रक्कम नव्या विद्यापीठाने भरली. एका मुलाच्या वडिलांनी फोनवर मला हेच ऐकवले: "त्यांनी तुम्हाला दिलेल्या शब्दाची किंमत ठरलेली आहे, माझ्या मुलाला दिलेल्या शब्दाची नाही." विद्यापीठात येताना मुले जो प्रवेशपूर्व करार करत, त्यात स्पष्ट लिहिलेले असे की हा करार संस्थेशी आहे, प्रशिक्षकाशी नाही. (ऑक्टोबर 2024 मध्ये तो करारच रद्द झाला.) कागद तसे म्हणतो, पण सतरा वर्षांचे मूल संस्थेला भेटत नाही, ते घरी आलेल्या, आईवडिलांशी बोललेल्या एका माणसाला भेटते आणि त्याच्यामुळे सही करते. भरतीच्या वेळी आम्ही त्याच माणसाचा चेहरा पुढे करतो आणि तो निघाला की कागद पुढे करतो. माझ्या मते हे बरोबर नाही.

त्या रात्री मी आणि सहायक प्रशिक्षकांनी मिळून मुलांनी सांगितलेल्या सगळ्या शब्दांची यादी केली. कोच अजून आमच्या सेवेत होते, म्हणून क्रीडा संचालकांच्या परवानगीने ती यादी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती एकेक ओळ करून वाचली. बहुतेक ठिकाणी "हो, मी म्हणालो होतो" असे लिहून सही केली, दोन ठिकाणी "विचार करू म्हणालो होतो" असे लिहिले. त्यांनी एकही शब्द नाकारला नाही, हे नमूद करायला हवे. सहायक प्रशिक्षकांनी त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट मागितली. संघातील एका मुलीच्या पायाच्या हाडाला ताणामुळे दोनदा तडा गेला होता. आठवड्याला किती मैल झाले की तिला त्रास सुरू होतो, कोणत्या दिवशी तिला सायकलवर बसवायचे, हे फक्त कोचना ठाऊक होते. त्यांनी प्रत्येक धावपटूसाठी अशी टिपणे लिहून दिली. त्या मुलीचे टिपण सर्वांत लांब होते. तिने ते वाचले आणि तरीही कोचना निरोपाचा फोन केला नाही. तिला तो करायला लावणे हे कोणाचेच काम नव्हते.

शिष्यवृत्तीचे नूतनीकरण झाले की नाही हे खेळाडूला 1 जुलैपर्यंत लेखी कळवावे लागते, त्यामुळे संचालकांना निर्णय लांबवता आला नाही. नवे प्रशिक्षक येईपर्यंत थांबावे, त्यांचे हात बांधू नयेत, असे काहींचे मत होते आणि त्यातही तथ्य होते. शेवटी यादीतील पैशांचे बहुतेक शब्द विद्यापीठाने पाळले. पाचव्या क्रमांकाच्या मुलीला अर्ध्या हिश्शाचे पत्र मिळाले. रेडशर्ट झालेल्या मुलाने पोर्टलमध्ये नाव घातले. पण तो कोचच्या मागे गेला नाही, ज्या विद्यापीठाने त्याचे प्रयोगशाळेचे विषय मान्य केले तिथे गेला. केनियाचा धावपटू राहिला. आता आमच्या विभागात प्रशिक्षकाने खेळाडूला पुढच्या वर्षाबद्दल काही कबूल केले, की त्याच आठवड्यात त्याची नोंद आमच्याकडे पाठवावी लागते. नव्या प्रशिक्षकांना सुरुवातीला ते जाचक वाटले. पहिल्या महिन्यात एकही नोंद आली नाही, म्हणून मी सरावाच्या मैदानावर जाऊन मुलांनाच विचारले, आणि परत येऊन नोंदींची यादी नव्या प्रशिक्षकांकडे सहीसाठी पाठवली.