हॉफमानचं थिएटर: पाणी जमलं, आणि त्याच डब्यातून आग निघाली

मंडळी, जर्मन लेखक-संगीतकार हॉफमानचं आयुष्य दाखवणाऱ्या माझ्या कागदी, छोट्याशा थिएटरात वाहतं पाणी दाखवणं एकदाचं जमलं. ते पाणी काही केल्या जमत नाही हे मागचं माझं रडगाणं वाचून ज्यांनी "निळं सेलोफेन लाव आणि मोकळी हो" असा सल्ला दिला त्यांचे आभार, पण सेलोफेनचं पाणी बघून मला रसवंतीगृहाचा बोर्डच आठवतो. त्यात उंडिने, म्हणजे हॉफमानच्या ऑपेरातली जलकन्या, बुडवायला मन धजावेना.

बाकीच्या प्रवेशांचं आधी उरकते. पोझनानचा कार्निव्हल पूर्ण झाला. १८०२ च्या मुखवट्यांच्या नाचात प्रशियन अधिकाऱ्यांची व्यंगचित्रं वाटली जातात, आणि चित्रकार महाशयांची, म्हणजे आपल्या ई. टी. ए. हॉफमानची, प्वॉत्स्कला बदली होते. चिमुकली व्यंगचित्रं मी त्याच्याच रेघेच्या ढंगात काढली आहेत. नखाएवढ्या कागदावर लष्करी टोपी आणि ढेरी ओळखू येते, याचा मला जरा जास्तच आनंद झाला आहे. वॉर्साच्या प्रवेशात फक्त झालरी चिकटवायच्या राहिल्या आहेत. बांबेर्गच्या माडीवरच्या खोलीत जमिनीला झरोका ठेवलाय, कारण खऱ्या घरातही तो होता आणि त्यातून हॉफमान खालच्या मजल्यावरच्या बायकोशी, मिशाशी, बोलायचा. तिची आकृती खालून तारेवर वर येते. छान येते.

घोडं अडलं होतं ते बर्लिनपाशी. हॉफमानचं आयुष्य दाखवायचं आणि 'उंडिने' गाळायची हे शक्यच नाही. लोक त्याला नटक्रॅकरच्या गोष्टीवरून नाहीतर ऑफेनबाखच्या ऑपेरावरून ओळखतात, पण या माणसाला स्वतःला व्हायचं होतं संगीतकार. मोत्सार्टसाठी त्याने आपल्या नावातलं विल्हेल्म काढून आमाडेउस घातलं. बांबेर्गला संगीत दिग्दर्शक म्हणून गेला तर पहिल्याच कार्यक्रमात फजिती. मग समीक्षा, शिकवण्या, रंगमंचाची पडेल ती कामं, आणि शेवटी पोटासाठी पुन्हा बर्लिनच्या न्यायालयात. अशा माणसाचा ऑपेरा ३ ऑगस्ट १८१६ ला बर्लिनच्या राजेशाही नाट्यगृहात उभा राहतो. शब्द फुके या लेखकाचे, त्याच्याच कथेवरून. नेपथ्य कार्ल फ्रीडरिश शिंकेलचं. पुढे संगीतकार वेबरने त्यावर कौतुकाने लिहिलं. हे सगळं पाण्याभोवती फिरतं: नायिका जलकन्या, तिचा काका क्यूलेबोर्न गोष्टीत चक्क धबधबा होतो, आणि शेवटी पाण्याखालचा महाल.

म्हणजे मला कागदावर वाहतं पाणी हवं होतं.

पहिला प्रयोग जुन्या इटालियन पद्धतीचा, सब्बातिनीने १६३८ मध्ये वर्णन केलेल्या पिळाच्या नळकांड्यांचा. एकामागे एक आडवी नळकांडी, हँडल फिरवलं की लाटा पुढे सरकल्यासारख्या दिसतात. समुद्राला उत्तम. पण धबधब्याला काय उपयोग? शिवाय माझ्या मापात ती नळकांडी कितीही घासली तरी खडखडतात, आणि सुरावटीच्या नाजूक जागी नेमका तोच आवाज येतो.

मग दोन ओएचपी शीटवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकवर, बारीक रेघा छापून एक शीट दुसऱ्यावर सरकवली. रेघांच्या छेदातून झुळझुळ उमटते हे खरं, व्हिडिओत फार सुंदरही दिसते. प्रत्यक्षात कमानीतून बघितलं की त्यात बँकेच्या नोटेवरची नक्षी दिसते, पाणी नाही. वर शीटं एकमेकांना चिकटायची ती वेगळीच. ज्यांना ही पद्धत आवडते त्यांच्याशी भांडण नाही, पण माझ्याकडून तिला पूर्णविराम.

शेवटी डोक्यात आला तो गणपतीपुढचा फिरता कंदील. आतला दिवा स्थिर, भोवती कापलेलं नळकांडं फिरतंय, बाहेरच्या कागदावर आकृत्या पळतायत. काळ्या कार्डशीटचं नऊ सेंटिमीटर व्यासाचं नळकांडं केलं, त्यात नागमोडी, टोकाला निमुळत्या होत जाणाऱ्या फटी कापल्या, ते आडवं ठेवून मागच्या पडद्यावर उजेड टाकला. फटी वरून खाली सरकतात, म्हणजे पाणी वरून खाली पडतं. कल्पना बरोबर होती, पण पडद्यावर नुसता निळा गाळ. आतमध्ये एलईडी पट्टी गुंडाळली होती, आणि पट्टीतला प्रत्येक दिवा आपापली सावली पाडत होता. फटीची कड कुठेच उठेना. उजेड वाढवावा तर गाळ आणखी पांढरा.

पट्टी काढून टाकली आणि एका वॉटचा एकच एलईडी दिवा, पुढे भिंग न लावता, एका बाजूने दांडीवर आत धरला. नळकांडं दुसऱ्या बाजूने मोटरला. उजेडाचा उगम ठिपक्याएवढा असला की फट स्वच्छ उमटते. हे कुठल्याही छायाबाहुल्यावाल्याला पाठ असेल, मी मात्र पट्टीच्या मागे लागून बसले होते, कारण पट्टी स्वस्त मिळते आणि सगळे तीच लावतात.

पडद्याबद्दल दोन शब्द. बटर पेपर पावसाळ्यात पोटुशी होतो, पांढरा गोंद लागला की जास्तच. ट्रेसिंग पेपर त्याहून बरा, पण दिव्याच्या बाजूला तोही वाकतो. शेवटी अप्पा बळवंत चौकातल्या एका जुन्या दुकानात पॉलिएस्टरची ड्राफ्टिंग फिल्म मिळाली, पूर्वी वास्तुविशारद वापरायचे ती. काकांनी माळ्यावरून गुंडाळी काढताना "आता कोण विचारतंय हे" म्हटलं आणि मागेन तेवढी कापून दिली. ना वाकत, ना पिवळी पडत, आणि उजेड असा पसरवते की बघत राहावं. ऑनलाइन याच नावाने जे विकलं जातं ते निम्म्या वेळा साधं प्लास्टिक असतं. हात लावून बघूनच घ्या.

आता मोटरची गंमत. कमी वेग हवा म्हणून मी जुन्या मायक्रोवेव्हमधली ताट फिरवणारी मोटर लावली होती. मिनिटाला पाचसहा फेरे, आवाज नाहीच. पण ही सिंक्रोनस मोटर बटण दाबल्यावर कुठल्या दिशेने सुटेल ते तिचं तीच ठरवते. ताटाला काय फरक पडतो? धबधब्याला पडतो. वाद्यमेळ सुरू, क्यूलेबोर्न विरघळतोय, आणि पाणी खालून वर! बंद करून पुन्हा चालू केलं की सरळ. पुन्हा केलं की परत वर. मी चिडून उठलेच होते, तेवढ्यात मुलीने खेळता खेळता दिव्यापुढचं निळं जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, काढून नारिंगी सरकवलं.

आणि तिथे आग होती. वर चढणारी, टोकाला निमुळती, अधूनमधून तुटणारी. खरीखुरी आग.

यापुढे सगळा आराखडा बदलला, ऐका. २९ जुलै १८१७ ला तेच नाट्यगृह जळून खाक झालं. 'उंडिने'चे तोवर चौदा प्रयोग झाले होते. शिंकेलची नेपथ्यं गेली, आणि हॉफमानच्या हयातीत तो ऑपेरा बर्लिनच्या रंगमंचावर पुन्हा आला नाही. हॉफमान राहायचा समोरच, टाउबेनश्ट्रासे आणि शार्लोटेनश्ट्रासेच्या कोपऱ्यावर. त्याने पत्रात लिहिलंय की घरातल्या काचा तडकल्या, खिडक्यादारांचा रंग उष्णतेने ओघळला, पाणी मारत राहिले म्हणून लाकूड वाचलं. माझ्या मूळ योजनेत आग नव्हतीच, आपल्याला जमणार नाही म्हणून ती एका वाक्यात निवेदनात टाकली होती. आता धबधबा आणि आग दोन्ही एकाच नळकांड्यातून येतात: फिरण्याची दिशा उलटी, जिलेटिन वेगळं, बस्स. ज्या यंत्राने जलकन्येचं पाणी पडतं त्याच यंत्राने तिचं थिएटर जळतं. याहून हॉफमानी काही मला सुचलं नसतं.

गंमत म्हणजे शिंकेलही हे करायचा. बर्लिनमध्ये विल्हेल्म ग्रोपिउसच्या प्रदर्शनांसाठी त्याने प्रकाशयोजना असलेली चित्रं केली, त्यात १८१२ ची मॉस्कोची आगही होती. म्हणजे आगीला नेपथ्यकाराची परवानगी आहे असं मी धरून चालते.

मायक्रोवेव्हची मोटर अर्थात काढली. तिच्या मर्जीवर उंडिनेच्या लग्नात आग लागायची, आणि शिवाय कागदाच्या खोक्यात २३० व्होल्ट मला नकोतच. आता एन-२० गिअर मोटर, सहा व्होल्टची, तीन व्होल्टवर हळू चालवते. दिशेसाठी दोन बाजूंचा डीपीडीटी स्विच, म्हणजे मोटरची वीज उलटी करणारं बटण. थोडी गुणगुणते, म्हणून रबराच्या वायसरवर बसवली. शंभर फेऱ्यांच्या पिवळ्या मोटरी कोणी सुचवू नका, त्या कॉफी दळल्यासारख्या वाजतात.

नाट्यगृहाचा दर्शनी भाग काळ्या माउंटबोर्डात कापतेय, खिडक्या मोकळ्या, मागे ड्राफ्टिंग फिल्म. छप्पर वेगळं, खाचेत अडकवलेलं, दोरा सोडला की आत कोसळेल. बर्लिनकर त्या अवजड छपराची टर उडवायचे, तेव्हा ते पडताना कोणाला फार दुःख होऊ नये.

आणि हे लिहिता लिहिताच एक सुचलं. हॉफमानने १८१५ मध्ये बांबेर्गच्या कुन्त्स या मित्राला पाठवलेल्या पत्रात आपल्या घराचा आणि समोरच्या चौकाचा नकाशा काढलाय: खोल्या, रस्ते, थिएटर, मित्र, आणि खिडकीतून डोकावणारा स्वतः. १८२२ मध्ये, लकवा झाल्यावर, त्याने सांगून लिहवलेल्या शेवटच्या कथांपैकी एकीत अपंग चुलतभाऊ कोपऱ्याच्या खिडकीतून खालचा बाजार बघतो. मग माझ्या रंगमंचाची कमान सोनेरी महिरपीची कशाला? बर्लिनच्या प्रवेशांपुरती तीच खिडकी करायची. तीच चौकट, तोच चौक: आधी थिएटर, मग आग, मग शिंकेलचं १८२१ चं नवं थिएटर, मग बाजार. खिडकीच्या लाकडावर रंगाचे ओघळ आगीच्या प्रवेशात लागतील आणि पुढे तसेच राहतील. गरम गोंदाच्या बंदुकीने नमुना करून पाहिला, वर करडा पोस्टर कलर मारला, ओघळ झकास दिसतात. सोनेरी महिरप कोणाला हवी असेल तर सांगा, नीट कापलेली आहे, वाया जायला नको.

शेवटचा थडग्याचा प्रवेश यामुळे बहुतेक गळणार. त्यावरचा मजकूर मला आवडतो: न्यायालयातला सल्लागार, कामात उत्कृष्ट, कवी म्हणून, संगीतकार म्हणून, चित्रकार म्हणून. पण खिडकीनंतर थडगं म्हणजे जरा अती होईल. निवेदनात घेईन.

आता खरं डोकं खायला लागलेत ते टोप. आगीत नाट्यगृहातलं टोपांचं भांडार पेटलं, आणि हॉफमान एका पत्रात हसत लिहितो की टोप हवेत उडाले, त्यातला उन्झेलमान या नटाचा लांब शेंडीचा टोप अग्नीच्या उल्केसारखा बँकेच्या इमारतीवर तरंगू लागला, शेवटी एका रक्षक शिपायाने तो गोळी घालून पाडला. हे दाखवल्याशिवाय मी प्रवेश लावणार नाही. साधे टोप काळ्या दोऱ्यावर वर जातील, पण शेंडीवाला एकटा, सावकाश, डावीकडून उजवीकडे जायला हवा आणि गोळीच्या आवाजावर पडायला हवा. नायलॉनचा दोरा दिव्यात चमकतो. पातळ तांब्याची तार काजळी लावून बघतेय, पण तिला पीळ पडतो. चुंबकाने सोडायचा विचारही चाललाय: टोपाच्या पोटात लोखंडी टाचणीचं डोकं, वर छोटं विद्युतचुंबक, वीज तोडली की टोप खाली. कोणी इतक्या लहान मापात केलं असेल तर तारेचे वेढे किती घेतले ते सांगा. शिपायाची बंदूक तयार आहे.