वॉकर भगिनींचे घर आणि ‘ग्रीनब्रायर’ नावाचा घोळ

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात, उद्यान झाल्यावरही आपले घर न सोडणाऱ्या वॉकर भगिनींचे जुने लाकडी घर जपून ठेवलेले आहे. ते पाहण्यासाठी ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही चौघे अटलांटाहून गेलो. योग्य वाटेने गेल्यास जवळच्या शाळेपासून या घरापर्यंत चालत पाऊण तासही लागत नाही. आम्ही मात्र सकाळी नऊला हॉटेलातून निघून दुपारी साडेतीनला तेथे पोहोचलो, आणि याचे एकमेव कारण म्हणजे ‘ग्रीनब्रायर’ हे नाव.

या परिसरात त्या नावाची तीन ठिकाणे आहेत आणि आम्ही चुकीच्या दोन्ही ठिकाणी जाऊन आलो. पहिले नुसते ‘ग्रीनब्रायर’. ते गॅटलिनबर्ग या गावाच्या पूर्वेला सुमारे सहा मैलांवर आहे आणि वॉकर भगिनींच्या घराशी त्याचा काहीही संबंध नाही. हॉटेलच्या काउंटरवरील माणसाने ठामपणे आम्हाला तिकडेच पाठवले. तिथेही जुनी खोपटी आणि धान्याचे कोठार असल्यामुळे चूक लगेच लक्षात येत नाही. परत फिरून शनिवारच्या गर्दीत गॅटलिनबर्ग ओलांडण्यात सव्वा तास गेला.

दुसरी फसगत याहून वाईट होती. मेटकाफ बॉटम्स येथील सहलीच्या मैदानावर गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून आम्ही पूल ओलांडून घाटरस्त्याने थेट वेअर गॅप या खिंडीपर्यंत वर गेलो. तिथे ‘लिटल ग्रीनब्रायर ट्रेल’ अशी पाटी दिसली आणि आता घर सापडलेच, असे समजून आम्ही चालू लागलो. ही पायवाट डोंगराच्या कुशीतून, उद्यानाच्या हद्दीला धरून जाते. जेमतेम एक पाऊल मावेल इतकी ती अरुंद आहे आणि कितीतरी ठिकाणी उताराकडे कललेली आहे. त्यावर ओकची ओली पाने घोटाभर साचली होती, त्यामुळे खालचे दगड आणि मुळे दिसत नव्हती आणि प्रत्येक पाऊल आधी चाचपून मगच टाकावे लागत होते. 1.9 मैलांवर लिटल ब्रायर गॅप ही खिंड लागते आणि तिथून घराकडे जाणारी वाट खाली उतरते. नावावर विसंबून आम्ही सरळ पुढे चढत राहिलो. अर्ध्या तासाने वरून उतरणाऱ्या एका जोडप्याने सांगितले की घर केव्हाच मागे राहिले आहे. घर पाहण्यासाठी या वाटेने कोणीही जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वृद्धांना किंवा लहान मुलांना घेऊन तर मुळीच नाही.

योग्य मार्ग आम्हाला दुसऱ्या दिवशी समजला. मेटकाफ बॉटम्सला सकाळी साडेआठच्या आत पोहोचावे, म्हणजे गाडीला जागा मिळते आणि स्वच्छतागृहही तिथेच आहे. तिथून नदीवरचा पूल ओलांडून पायवाटेने सुमारे पाऊण मैल चालले की 1882 साली बांधलेली ओंडक्यांची लिटल ग्रीनब्रायर शाळा लागते. शाळेपासून ‘लिटल ब्रायर गॅप’ नावाची वाट धरावी. पाटीवर ‘ब्रायर’ आहे, ‘ग्रीनब्रायर’ नाही, हे नीट पाहावे. ही जुन्या गाडीरस्त्याची रुंद, सौम्य चढाची वाट आहे. 1.1 मैलावर फाटा फुटतो आणि तिथून घर पाव मैलाच्या आत आहे.

उद्यानाला प्रवेशशुल्क नाही, पण 15 मिनिटांपेक्षा जास्त वेळ गाडी लावायची असेल तर पार्किंग टॅग लागतो. तो दिवसाला 5 डॉलर, आठवड्याला 15 डॉलर असा मिळतो आणि छापील स्वरूपात गाडीत दिसेल असा ठेवावा लागतो. डोंगरात फोनला रेंज मिळत नाही, म्हणून टॅग आणि नकाशा दोन्ही आदल्या रात्रीच घेऊन ठेवावेत. कुत्र्याला या वाटांवर नेता येत नाही. अस्वल दिसल्यास किमान 50 यार्ड अंतर राखणे कायद्याने बंधनकारक आहे.

आता घराविषयी. ट्यूलिप पॉप्लरचे तासलेले ओंडके एकमेकांत खाचा पाडून बसवले आहेत, मधल्या भेगा मातीने लिंपल्या आहेत आणि शेजारी झऱ्यावर बांधलेली खोली आहे, जिच्या थंड पाण्यात दूध-लोणी ठेवले जाई. जॉन वॉकर यांना सात मुली आणि चार मुलगे होते. मुलींपैकी एकीचेच लग्न झाले. उद्यान स्थापन झाले तेव्हा घरात उरलेल्या पाच बहिणींनी जागा सोडण्यास बराच काळ नकार दिला. अखेर 1941 मध्ये 4,750 डॉलर आणि हयातभर तिथेच राहण्याचा हक्क, या अटींवर 122.8 एकर जमीन उद्यानाकडे गेली. त्यानंतर शिकार, लाकूडतोड आणि गुरे चारणे यांवर बंधने आली. 1946 मध्ये एका मोठ्या साप्ताहिकात त्यांच्यावर लेख आला आणि लोकांची रीघ लागली. बहिणी त्यांना खाऊ आणि घरी केलेल्या वस्तू विकत. 1953 मध्ये मार्गारेट आणि लुइझा या दोघीच उरल्या होत्या. इतक्या पाहुण्यांचे आदरातिथ्य आता झेपत नाही, तरी रस्त्यावरील आमच्या नावाची पाटी काढावी, अशी विनंती लुइझा यांनी उद्यानाच्या अधीक्षकांना पत्राने केली. 1964 मध्ये त्याही गेल्या.

हे सगळे मी आधी वाचलेले होते, तरी त्या ओसरीवर उभे राहिल्यावर मला बोलवेना. आमच्याकडे अर्धाच तास होता, कारण गाडी वर वेअर गॅपला होती आणि अंधार पडायच्या आत त्याच निसरड्या वाटेने परतायचे होते. म्हणून रविवारी केड्स कोव्ह या उद्यानातल्याच दरीतला अकरा मैलांचा गाडीफेरा रद्द केला, शाळेकडून पुन्हा तिथे गेलो आणि दुपारपर्यंत थांबलो. शनिवार-रविवारी केड्स कोव्हमध्ये बहुतेक वेळ पुढच्या गाडीचे मागचे दिवेच पाहावे लागतात, हे मागच्या वर्षी अनुभवले होते. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे, त्यांनी तो या घराला द्यावा.