इयन रिचर्डसन, जोडीजोडीनं : चौथी नोंद

तीन महिने वहीला हात लागला नाही. स्पर्धेच्या तालमी चालू होत्या, मी आमच्या संस्थेची प्रॉम्प्टर, म्हणजे नटांना विंगेतून वाक्यं सुचवणारी, त्यामुळे संध्याकाळ विंगेत आणि रात्र दुसऱ्या दिवसाच्या भाजीत. आता प्रयोग पार पडला आहे, तेव्हा पुन्हा आमच्या स्कॉटिश पाहुण्याकडे.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. इयन रिचर्डसन, स्कॉटिश नट, जन्म एडिंबरा, ७ एप्रिल १९३४; मृत्यू लंडन, ९ फेब्रुवारी २००७. सैन्यातल्या सक्तीच्या नोकरीत लिबियामध्ये लष्कराच्या रेडिओवर निवेदक. मग ग्लासगोच्या नाट्यविद्यालयात शिक्षण, बर्मिंगहॅम रेपर्टरी या नाटक कंपनीत हॅम्लेट, आणि १९६० पासून १९७५ पर्यंत स्ट्रॅटफर्डला, म्हणजे रॉयल शेक्सपिअर कंपनीत. टीव्हीवर सगळ्यांना ठाऊक झाला तो १९९० साली, वयाच्या ५६ व्या वर्षी.

मी आधी सरळ सालवारीनं सुरुवात केली होती आणि पहिल्याच पायरीवर अडकले. ती पंधरा वर्षं रंगमंचावरची. त्यातलं चित्रित झालेलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. पीटर हॉलचा १९६८ चा 'मिडसमर नाइट्स ड्रीम' आहे, त्यात हा ओबेरॉन. (शेजारी जुडी डेंच, हेलन मिरेन, डायना रिग. एकाच जंगलात इतकी माणसं!) बाकी फोटो आणि जुनी परीक्षणं. मग लक्षात आलं की या माणसाला एकाच गोष्टीच्या दोन्ही बाजू करायची सवय होती. योगायोग म्हणा की नशीब, पण जोड्या लागत गेल्या. तेव्हापासून जोडीनं बघते. वहीत तीन रकाने : काय बघितलं, डोळे मिटून काय ऐकलं, दुसऱ्यांदा बघताना काय बदललं. मधला रकाना सगळ्यात लवकर भरतो. प्रॉम्प्टरचे कान, दुसरं काय.

सगळ्यात बोलकी जोडी मात्र बघायला मिळणारच नाही अशी आहे. १९७३ साली स्ट्रॅटफर्डला जॉन बार्टननं 'रिचर्ड द सेकंड' बसवलं. रिचर्डसन आणि रिचर्ड पॅस्को हे दोघं आळीपाळीनं राजा रिचर्ड आणि त्याला पदच्युत करणारा बोलिंगब्रोक करायचे. आज ज्याचा मुकुट गेला, तो पुढच्या प्रयोगात मुकुट हिसकावणारा. नुसतं दोन भूमिका पाठ असणं वेगळं. ज्या वाक्याला काल आपण उत्तर दिलं ते आज आपणच म्हणायचं, आणि समोरच्याचं कालचं म्हणणं कानातून पुसून टाकायचं! आमच्या नाटकात एकदा ऐनवेळी दोन पात्रांची अदलाबदल करावी लागली होती, तेव्हा पहिल्या अंकात दोघंही एकमेकांची वाक्यं म्हणत होते आणि मी विंगेत घामाघूम. हे लोक ते ठरवून, महिनोन्‌महिने करत होते.

आता या खेपेची प्रगती.

हिगिन्स

इंग्लंडात लेस्टरला असणारी माझी मावसबहीण गणपतीत आली तेव्हा तिच्याकडून दोन गोष्टी मागवल्या होत्या. त्यातली एक म्हणजे 'माय फेअर लेडी'च्या १९७६ च्या ब्रॉडवे पुनरुज्जीवनाची ध्वनिमुद्रिका. रिचर्डसन त्यात प्रोफेसर हिगिन्स. या भूमिकेनं त्याला टोनीचं नामांकन आणि ड्रामा डेस्क पुरस्कार मिळाला (दोन्ही न्यूयॉर्कच्या रंगभूमीचे मानाचे पुरस्कार). टोनी मात्र त्याच नाटकातल्या डूलिटलला, जॉर्ज रोझला गेला.

मूळ शॉचं 'पिग्मॅलियन', म्हणजे आपल्याकडे पुलंनी जिची 'ती फुलराणी' केली तीच गोष्ट. गंमत बघा, फुलराणी आली १९७५ मध्ये आणि ही न्यूयॉर्कची आवृत्ती १९७६ मध्ये. भक्ती बर्वे आणि सतीश दुभाषी इकडे प्रयोग करत असताना तिकडे एक एडिंबराचा माणूस अमेरिकेला इंग्रजी उच्चार शिकवत होता.

आणि खरी जोडी इथं आहे. हा मुलगा चौदा वर्षांचा असताना एका हौशी नाटकात उभा राहिला. दिग्दर्शकानं कौतुक केलं आणि सांगितलं की पुढं जायचं असेल तर ही स्कॉटिश बोली सोडावी लागेल. आईनं उच्चारांची शिकवणी लावली. म्हणजे आयुष्यात हा मंजुळा आणि रंगमंचावर प्रोफेसर! हे कळल्यावर मुद्रिका पुन्हा लावली. हिगिन्स लोकांच्या बोलण्यावर तोंडसुख घेतो, त्या गाण्यांत त्याचा प्रत्येक व्यंजनाचा शेवट कात्रीनं कापल्यासारखा आहे. जन्मजात तसं बोलणारा इतकी काळजी घेत नाही. नव्यानं नऊवारी नेसलेली मुलगी जशी पायाखाली बघत चालते, तशी ती सफाई. मला ती फार आवडली.

मावसबहीण म्हणाली, "ताई, तिकडे अजूनही नोकरीच्या मुलाखतीला जाताना पोरं आवाज बदलून बोलतात गं." पुढे ती स्वतःच फोनवर बँकेशी बोलायला लागली आणि आम्ही दोघी हसलो.

नेहरू

याच ओघात १९८६ ची 'माउंटबॅटन : द लास्ट व्हाइसरॉय' ही मालिका संपवली. सहा भाग. माउंटबॅटन म्हणजे निकोल विल्यमसन, तोही स्कॉटलंडचाच. जीना पोलंडचा व्लादेक शेबाल, आणि नेहरू आमचे रिचर्डसन. रंगवलेला चेहरा पाहून पहिल्या भागात मी डिस्क बंद करणार होते. आपण रोशन सेठ यांचे नेहरू पाहिलेले आहेत. त्यानंतर हे बघणं म्हणजे शिक्षाच. आज असं कुणी करणार नाही, करूही नये.

पण मधल्या रकान्यात भलतंच लिहिलं गेलं. डोळे मिटल्यावर ते नेहरू पटतात. अलाहाबादचा मुलगा हॅरो आणि केंब्रिजला जाऊन जे इंग्रजी शिकून आला, तेच इंग्रजी एडिंबराचा मुलगा शिकवणी लावून शिकला होता. दोघांचीही भाषा कमावलेली. वाटाघाटींच्या प्रसंगात माउंटबॅटनपेक्षा याची वाक्यं जास्त घोटीव वाटतात, ते उगाच नाही. ह्यांचं मत वेगळं आहे ("तुला आता सगळीकडे उच्चारच ऐकू येणार"), तेही प्रामाणिकपणे वहीत लिहून ठेवलं आहे.

हेडन आणि ब्लंट

इथे रहस्य फुटणार आहे. ज्यांनी 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' बघितलेली नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडावेत.

१९७९ ची बीबीसीची हेरकथेची मालिका, सात भाग, घरभेदी शोधणारा स्मायली म्हणजे अॅलेक गिनेस. पहिलाच प्रसंग मी चार वेळा बघितला. बैठकीच्या खोलीत चार माणसं एकेक करून येतात, संवाद नाही. शेवटी बिल हेडन, म्हणजे रिचर्डसन, येतो, हातात चहाचा कप आणि बशी कपाखाली न ठेवता वर झाकण म्हणून. झालं. हा माणूस सगळ्यांच्या आवडीचा आहे, नियम त्याला लागू नाहीत आणि तो काहीतरी झाकतो आहे, हे एका बशीत. आमच्या दिग्दर्शकाला दाखवलं तर तो म्हणाला, "आपल्याकडे बशी दिली तर नट त्यातून चहा पितील." असो.

मालिकेचा शेवटचा भाग २२ ऑक्टोबर १९७९ ला लागला. १५ नोव्हेंबरला मार्गारेट थॅचर यांनी पार्लमेंटमध्ये सांगून टाकलं की राणीच्या चित्रसंग्रहाचे माजी व्यवस्थापक, नामवंत कला-इतिहासकार सर अँथनी ब्लंट सोव्हिएत हेर होते. नाटकातला घरभेदी पडद्यावरून जातो आणि महिन्याच्या आत खरा समोर येतो! आणि मग १९८७ मध्ये रिचर्डसन त्या खऱ्याचीच भूमिका करतो, 'ब्लंट'मध्ये. ब्लंटचा साथीदार हेर गाय बर्जेस होता अँथनी हॉपकिन्स. दोन्ही पाठोपाठ बघितले तर फरक मानेत आहे. हेडन मान तिरकी करून लोकांना जवळ घेतो. ब्लंटची मान ताठ. तो कुणाला जवळ येऊच देत नाही. एकाच गुन्ह्याचे दोन स्वभाव.

भालदार आणि चीफ व्हिप

या जोडीसाठी मी कुठेही भांडायला तयार आहे.

१९६४ मध्ये पीटर ब्रूकनं 'मारा/साद' बसवलं. वेड्यांच्या इस्पितळातले रुग्ण फ्रेंच क्रांतीचं नाटक करतात, अशी रचना. रिचर्डसन आधी त्यात हेरल्ड करत होता. सोपं सांगायचं तर आपला सूत्रधार, थोडा भालदार-चोपदारही. प्रेक्षकांशी बोलायचं, गोंधळ झाला की सावरायचं, पुढं काय होणार ते सांगायचं. नंतर त्याच्याकडे मारा आला, आंघोळीच्या टबातला क्रांतिकारक, आणि १९६५ च्या अखेरीस ते नाटक घेऊन कंपनी न्यूयॉर्कला गेली. १९६७ च्या चित्रपटातही मारा तोच. म्हणजे एकाच नाटकात आधी गोष्ट सांगणारा, नंतर गोष्टीत मरणारा.

आता २६ वर्षं पुढं या. 'हाउस ऑफ कार्ड्स', १९९० ची बीबीसीची मालिका. मायकेल डॉब्जची कादंबरी, अँड्र्यू डेव्हिसची पटकथा, चार भाग. सत्ताधारी पक्षाचा चीफ व्हिप, म्हणजे मुख्य प्रतोद, फ्रान्सिस अर्कर्ट (आमचा रिचर्डसन) मंत्रिपद न मिळाल्यानं पेटतो आणि एकेकाला संपवत पंतप्रधानपदाकडे जातो. आणि हे करताना तो मध्येच वळून कॅमेऱ्याकडे बघतो आणि आपल्याशी बोलतो.

आपल्या जुन्या नाटकवाल्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. जनांतिक! रंगमंचावरच्या बाकीच्यांनी ऐकलं नाही असं समजून प्रेक्षकाला सांगितलेली गोष्ट. रिचर्डसननं १९७५ ला स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरचा राजा तिसरा रिचर्ड केला होता, आणि अर्कर्टचं हे बोलणं त्या राजाच्याच घराण्यातलं. पण मला त्या राजापेक्षा हेरल्ड जास्त दिसतो. राजा आपल्याला कट सांगतो. अर्कर्ट आपली सोय बघतो : हा कोण, तो कोण, याला मी का हसलो. यजमानासारखा. चहा घेतलात ना? बरं, आता एकाचा बळी देऊ. म्हणून तिसऱ्या भागापर्यंत आपण त्याच्या बाजूचे झालेले असतो आणि ते आपल्याला उशिरा कळतं. शेवट सांगत नाही. एवढंच सांगते की शेवटच्या क्षणी तो बघतो तेव्हा मी नजर चुकवली, घरात एकटी असताना.

पत्रकारांना तो जे उत्तर देतो (तुम्हाला तसं वाटू शकतं, मी त्यावर भाष्य करू शकत नाही, अशा अर्थाचं) ते पुढं ब्रिटिश पार्लमेंटमध्ये खरे राजकारणीही वापरू लागले. पुन्हा थॅचरबाईंचा योगायोग : पहिला भाग १८ नोव्हेंबर १९९० ला लागला आणि २२ ला त्यांनी राजीनामा जाहीर केला. मालिकेची सुरुवातच तो त्यांचा फोटो आडवा ठेवतो इथून होते. या नटाच्या मालिका लागल्या की त्या बाईंनी काळजी घ्यायला हवी होती. बाफ्टाचा (ब्रिटिश चित्रपट-टीव्ही अकादमीचा) उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार याच भूमिकेला. पुढचे दोन खंड, १९९३ आणि १९९५ चे, मी बघितले, पण त्यात जनांतिक सवयीचं झालं आहे. तिसऱ्यात तर त्याला स्वतःलाच कंटाळा आल्यासारखा वाटतो. वहीत अर्धं पान.

होम्स आणि त्याचा गुरू

ही जोडी अर्धी राहिली. १९८३ चे दोन्ही शेरलॉक होम्स-चित्रपट, 'द साइन ऑफ फोर' आणि 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स', बघून झाले. दोन्हींत वॉटसन वेगळा, त्यामुळे होम्स थोडा पोरका वाटतो. त्यांची मालिका व्हायची होती. पण लगेच १९८४ मध्ये जेरेमी ब्रेटचा होम्स टीव्हीवर आला, आणि त्यापुढं कोण टिकणार. रिचर्डसनचा होम्स हसरा आहे. काहींना खटकतो. मला चालला.

दुसरी बाजू 'मर्डर रूम्स' ही मालिका, २००० आणि २००१. त्यात तो डॉ. जोसेफ बेल, एडिंबराचा शल्यविशारद. कॉनन डॉयल वैद्यकीचा विद्यार्थी असताना याच्या हाताखाली होता आणि होम्स घडवताना याच्यावरूनच घडवला. म्हणजे आधी प्रतिमा केली, सतरा वर्षांनी मूळ माणूस. आणि तोही स्वतःच्याच जन्मगावचा. पहिला भाग लावला, डोळे मिटले, आणि पहिल्यांदाच तो स्कॉटिश 'र' ऐकू आला. हलकासा, जिभेवर फिरणारा. चौदाव्या वर्षी शिकवणी लावून घालवलेला.

तेवढ्यात डिस्क अडकली. जुन्या डिस्क विकणाऱ्या एका दुकानातून घेतली होती, 'एकदम चांगली' म्हणून. मागच्या बाजूला मांजरानं नखं मारल्यासारखे ओरखडे. वर ती रीजन २ ची, म्हणजे तिकडच्या प्लेअरवरच चालणारी. आपल्याकडचा प्लेअर रीजन ५. भाच्यानं प्लेअरचं कुलूप काढून दिलं, पण ओरखड्यांवर इलाज नाही. टूथपेस्ट लावून झाली. केळ्याची साल फिरवून झाली. नऊ मिनिटांपुढे जात नाही.

मावसबहीण डिसेंबरात पुन्हा येते आहे. तोपर्यंत ती नऊ मिनिटं.